दसऱ्याला पूजलेली काळी डबी

६ ऑक्टोबर, सोमवार
शुगर उपाशीपोटी २६८. इथे लिहिते, सांगणार कोणाला नाही.
केतू जाऊन तीन दिवस झाले. तिकीट पाच तारखेचं होतं, तीनलाच निघून गेली. वाटेसाठी दशम्या केल्या होत्या, तो डबा ओट्यावरच राहिला. राहिला म्हणजे ठेवला. विसरणाऱ्यातली नाही ती. माझ्या हाताखाली वाढलेली आहे, मला ठाऊक.
विलास म्हणतो, "आई, दोन दिवसांत ठीक होईल." हा माझा मुलगा बँकेत शिक्के मारता मारता म्हातारा झाला, त्याला वाटतं सगळंच दोन दिवसांत क्लिअर होतं. ही डायरीही त्याच्या बँकेचीच, जुनी. वार खोडून लिहावे लागतात.

७ ऑक्टो.
काय झालं ते एकदाचं लिहून टाकते. परत परत मनात दळण नको.
दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा. विळी, कातर, माझी शिवणाची मशीन, विलासची स्कूटर. लहानपणी केतूची पाटी असायची पाटावर. या वर्षी पोर पुण्याहून आली होती, म्हटलं तिचं हत्यार पण पाहिजे. तिचं हत्यार म्हणजे ती काळी डबी, साबणाच्या वडीएवढी. तीन वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून काढलेल्या सगळ्या फिल्मा तिच्यात.
ती झोपली होती. मी बॅगेतून डबी काढली, ओल्या फडक्याने पुसली, पाटावर ठेवली. गंध, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. मग पंचामृत. बाकीच्यांना एक एक थेंब, हिला पळीभर. नातीचं म्हणून जास्त. डबीला कडेला वायर घालायचं भोक आहे, ते वर होतं. मला काय माहीत.
दुसऱ्या दिवशी तिने वायर लावली. डबीतून आवाज आला, पाल चुकचुकते तसा. मग तोही बंद.

८ ऑक्टो.
कालचं अर्धंच लिहिलं.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडले असते आणि संध्याकाळी दोघींनी चहा घेतला असता. तिने ओढणीच्या टोकाने भोकातलं कुंकू पुसलं. पुसतच राहिली. "दुसरी कॉपी नाही आजी," एवढं म्हणाली. लॅबच्या मोठ्या कॉम्प्युटरात जागा भरली होती, सगळ्यांना आपापलं सांभाळा म्हटलं होतं. दसऱ्यानंतर दुसरी डबी घेणार होती.
मला तिचं ते पुसणं बघवेना. मी म्हटलं, "एक डबी मेली, माणूस नाही मेलं."
तिने वर बघितलं. मग बॅग भरायला गेली.

१४ ऑक्टो., मंगळ
स्टेशनला जाता जाता केतूने डबी फ्रीगंजला कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीला दिली होती, त्याने इंदूरला पाठवली. आज मीच गेले विचारायला. रस्ते खोदून ठेवलेत, रिक्षावाला अर्ध्यातच म्हणाला उतरा. चालत गेले.
दुकानदार पोरगाच आहे. म्हणाला, "माताजी, इंदौर से वापस आ गई. कुछ नहीं निकला. इसमें पीला-पीला क्या जमा है?"
म्हटलं, "चूहे."
"चूहे ने हल्दी लगाई?"
"उज्जैन के चूहे हैं. पूजा-पाठ वाले."
तो हसला. मीही हसले. मग त्याने डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली, अस्थी देतात तशी दोन्ही हातांनी. केतूला त्याने सकाळीच फोनवर सांगितलं होतं.
डबी माझ्या सुयांच्या खणात ठेवली आहे. देवघरात ठेवणार होते, हात पुढे झाला नाही. देवघरात जाऊनच तर मेली.

२० ऑक्टो.
दिवाळी. आली नाही. चकली तेलात सुटली. सुटू दे.

२३ ऑक्टो., भाऊबीज
माझा फोन उचलत नाही. घंटी जाते, जाते, मग ती बाई हिंदीत बोलते. विलासचा उचलते. आज त्याने लावला, मी शेजारीच बसले, मटार सोलत. त्याने फोनचा आवाज मोठा केला, तिला सांगितलं नाही.
जेवलीस का, थंडी आहे का, झालं. मग ती म्हणाली, "आजीची शुगर किती?"
विलासने माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. "ठीक आहे," म्हणाला.
"ठीक म्हणजे किती, बाबा?"
"ठीक म्हणजे ठीक."
तिचा श्वास ऐकू येत होता. मटाराची शेंग फोडली तर तिला कळेल मी इथे आहे, म्हणून हात तसाच धरला. तिने ठेवून दिला.

२ नोव्हेंबर, रविवार
तुळशीचं लग्न.
दर वर्षी अंतरपाटाचं एक टोक केतूच्या हातात, एक माझ्या. आज विलासला धरायला लावलं. त्याने खालीच सोडलं, मंगलाष्टकं अजून चालली होती. म्हटलं, "सावधान होईपर्यंत दम नाही? बँकेत चार वाजता खिडकी बंद करायचास तसं केलंस." त्याचेही डोळे ठीक नव्हते.
दोन वर्षांपूर्वी इथेच विचारलं होतं तिला. टोक धरून उभी होती. म्हटलं, "एवढी पुण्याला जाऊन तू नेमकं करते काय?"
म्हणाली, "आजी, हेच. अंतरपाट."
तिने सांगितलं ते मी विसरले नाही. शरीरातली एक एक पेशी फुटून दोन होते तेव्हा आतले दोरे दोन्ही बाजूंना नीट बांधले गेले की नाही ते बघणारी काही प्रथिनं असतात. म्हटलं डाळीत असतं ते प्रथिन? म्हणाली त्याच जातीचं. एक जरी दोरा सुटा राहिला तरी ते अंतरपाट सोडत नाही. म्हटलं आपल्याकडे दोनाचं एक होतं, तुमच्याकडे एकाचे दोन. म्हणाली उलटं लग्न समज. त्या अंतरपाटवाल्यातल्या एकाचं नाव मॅड. म्हटलं, म्हणजे घरातलाच.
खूप हसली होती. अंतरपाट हलला, शेजारच्या शर्माबाई म्हणाल्या, "अरे, पकड़ो ठीक से."

३ नोव्हें.
काल दमले, पुढचं राहिलं.
लग्न झालं, चुरमुरे-ऊस वाटून झाले, मग पायरीवर बसून तिने खरी गोष्ट सांगितली. सगळे समजतात मॅडचं काम लग्नापुरतं. पण लग्न नसतं तेव्हा हा रिकामा बसत नाही. लिव्हरच्या पेशीला बाहेरच्या अंगाला कड्या असतात, दाराला असतात तशा. इन्सुलिन येतं, कडी वाजवतं, आतल्यांना कळतं साखर आली, घ्या. वाजवून झाली की भिंतीचा तेवढा तुकडा कडीसकट चिमटून, पुरचुंडी करून आत ओढतात. ते ओढायचं मॅड आणि त्याचे सोबती करवतात. लग्नातला माणूस दारावर काय करतो, हे कोणालाच नीट कळलेलं नाही म्हणे.
आणि मॅडला आवरणारा एक वेगळाच. तो म्हणतो, थांब, अजून नको ओढू. तो नसला की कड्या वेळेआधीच आत. इन्सुलिन बाहेर येऊन उभं, हात फिरवतं, भिंत सपाट. साखर रक्तातच फिरत राहते.
"त्याचं नाव कॉमेट," म्हणाली. "म्हणजे धूमकेतू. माझ्याच नावाचा आहे, आजी."
म्हटलं धूमकेतू अपशकुनी. म्हणाली, "इथे घर तोच राखतो."
मी विचारलं, "तुझ्या आईचं असंच झालं होतं?"
माधुरी गेली तेव्हा केतू दहावीत. सून होती माझी. शुगरने आधी पाय, मग किडनी.
केतू म्हणाली, "माहीत नाही. तेच बघतेय."
मग तिने लॅपटॉपवर एक फिल्म दाखवली. काळ्या अंधारात हिरवे टिपके कडेकडेने बसलेले. मग एक एक आत सरकायला लागला. कड्या त्या. मी म्हटलं, काजवे. तीन वर्षं ही पोर एक एक काजवा मोजत बसली होती. आणि मी वर पंचामृत.

१२ नोव्हें., बुध
आज कळलं. विलासला आधीपासून माहीत होतं, मेल्याने महिनाभर दाबून ठेवलं.
केतूने तिच्या मॅडमना सांगितलं आहे की डबी तिच्याच हातातून पडली. जिन्यावरून.
मॅडम म्हणाल्या, मूळ फिल्मा दाखवल्याशिवाय प्रबंधात काहीही घालता येणार नाही. लॅबमध्ये कोणीतरी मागून म्हणालं, पडली की पाडली. म्हणजे फिल्मा नव्हत्याच, हिने मनाने लिहिलं, असं. मार्चमध्ये तिची मुदत संपते. सगळं पहिल्यापासून करायचं तर पुरणार नाही. नाही केलं तर पाच वर्षं पाण्यात, आणि वर खोटारडी.
"अरे पण मग खरं का नाही सांगत ती?"
विलास भिंतीकडे बघत म्हणाला, "काय सांगेल, आई? आजीने हार्ड डिस्कला पंचामृताने आंघोळ घातली? तुझ्यावर हसले असते सगळे. ती म्हणाली, माझ्या आजीवर कोणी हसायचं नाही."
बोलत नाही माझ्याशी. आणि तिकडे माझी चूक झाकून ठेवते.
पोळ्या करपल्या. विलासने करपलेल्याच खाल्ल्या.

१३ नोव्हें.
ते वाक्य. माणूस नाही मेलं.
ज्या खोलीत म्हटलं त्याच खोलीत माधुरीचा पलंग होता. ज्या कोनाड्यात केतूने बॅग ठेवली होती तिथे तिच्या आईच्या गोळ्या असायच्या. माधुरीला मी म्हणायचे, शुगरने कोणी मरत नाही, माझी सासू नव्वदीपर्यंत शिरा खात होती. सणाला तिच्या पानात मीच श्रीखंड वाढायचे. जावयाला करतात तसा आग्रह. प्रेमानेच करत होते. डबीलाही प्रेमानेच पळीभर.
माझं प्रेम जिथे सांडतं तिथे काहीतरी मरतं. हे लिहून ठेवलं, खोडणार नाही.

१९ नोव्हें.
माधव नगरच्या डॉक्टरकडे मी होऊन गेले. शुगर २९१. तो चार वर्षं सांगतोय, अम्मा, अब गोली से नहीं चलेगा, इंसुलिन लगाओ. केतू तर पाया पडली होती माझ्या मागल्या वर्षी. मी म्हटलं होतं, सुई म्हणजे चितेकडचा रस्ता.
आज म्हटलं, दे.
"क्या बात है अम्मा, आज झगड़ा नहीं?"
"ज़बान घर पे छोड़ के आई हूँ."
पोटाला टोचतात. मुंगीएवढं दुखतं. एवढ्यासाठी चार वर्षं तिला रडवलं.
विलासला ताकीद दिली आहे, तिला सांगायचं नाही. सांगितलं तर वाटेल लाच देतेय.

२१ नोव्हें.
सुई घेतली की बसून राहते पाच मिनिटं. आत काय चाललं असेल. ते बिचारं दारोदार फिरत असेल. माझ्या भिंतीवर एखादी कडी राहिली असली तर वाजव बाबा.

२७ नोव्हें., गुरु
पत्र लिहिलं. मॅडमना.
मी चौथी शिकलेली. मास्तर म्हणायचे, इंदू, तुझ्या वेलांट्या एकमेकींशी भांडतात. मॅडम कलकत्त्याकडच्या, मराठी कळणार नाही, म्हणून हिंदीत. तीन पानं फाडली. चौथ्यावर आलं ते असं:
"मैडम को नमस्कार. मैं केतकी की दादी, उज्जैन से. डिबिया उसके हाथ से नहीं गिरी. दशहरे को मैंने उसके संशोधन की पूजा की, पंचामृत चढ़ाया, उससे मरी. लड़की झूठ मेरे लिए बोली. बाकी उसने कभी नहीं बोला. फिल्में थीं. मैंने अपनी आँख से एक देखी है. हरे टिपके किनारे पे बैठे थे फिर अंदर जाते थे. हँसना हो तो मुझ पे हँसिए. डिबिया मेरे पास है, हल्दी लगी हुई, कहेंगी तो भेज दूँगी."
विलासने चष्मा लावून वाचलं. इतक्या दिवसांनी त्याच्या मिशा हलल्या. "आई, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. चुकीचं नाव वगैरे बदलतात ते. आणि टिपके पण हिंदीत नसतात. शोध लिही."
साठ वर्षं उज्जैनमध्ये राहून हे मला माहीत नाही असं नाही. नगरपालिकेत माधुरीच्या दाखल्यावर नाव चुकलं होतं तेव्हा संशोधनाच्या खिडकीपुढे मीच उभी होते. लिहिताना घरचा शब्द आला.
म्हटलं, असू दे. दुरुस्तीच करतेय.
"केतूला विचारायचं नाही?"
"विचारलं तर नको म्हणेल."
पत्ता जुन्या कुरियरच्या पाकिटावरून घेतला. तिने मागे माझ्यासाठी शुगर तपासायचं यंत्र पाठवलं होतं, त्या पाकिटावरून. रजिस्टर्ड केलं. टपालातली बाई म्हणाली, अंदर क्या है? म्हटलं, नाक.

३ डिसेंबर
शुगर १७७.
पोचलं असेल आता. की नाही. विलासला विचारत नाही, तो आपण होऊन सांगत नाही. दोघं एकाच ताटलीतले पोहे खातो आणि खिडकीबाहेर बघतो.

५ डिसें.
मला आता वाटतं चूक केली. तिने जे झाकलं ते मी चारचौघांत उघडं टाकलं. परत तिला न विचारता. परत बॅगेतून काढलं आणि पाटावर ठेवलं. अक्कल येते, पण पोस्टाने.

१० डिसें., बुध
केतूचा मेसेज. विलासच्या फोनवर, मला नाही.
"आजीचं पत्र मिळालं. मॅडमनी लॅबमध्ये सगळ्यांसमोर वाचलं."
एवढंच. पुढे पूर्णविराम.
आम्ही दोघांनी दहा वेळा वाचलं. विलास म्हणतो चांगलंच असेल, वाईट असतं तर लिहिलंच नसतं. मी म्हणते राग आला की केतू असंच लिहिते, नीट, काना-मात्रेसकट. रागावली नसती तर गाळागाळ केली असती.
हसले असतील का ते. हसू देत. पण ती तिथे उभी होती का वाचताना. कुठे बघत होती.

१३ डिसें.
विलासने फोन केला. मटार नव्हते, मी नुसतीच बसले. ती म्हणाली नव्या पेशी वाढायला ठेवल्या आहेत. मॅडमनी मुदत वाढवायचा अर्ज वर पाठवला आहे, हो म्हणतील की नाही सांगता येत नाही. वाढली तरी सगळ्या फिल्मा परत घ्यायच्या, आणि परत तेच दिसेल याची खात्री नाही.
विलासने विचारलं, "आणि ते, मागून बोलणारे?"
"आता नाही बोलत," म्हणाली. मग थांबून, "टिपक्यांचं वाचलं तेव्हा गप्प झाले."
माझं नाव नाही काढलं. शुगरही नाही विचारली.
पूर्वी विचारायची तरी.

१६ डिसें.
शुगर १४१. डॉक्टर म्हणाला शाबास. शाळेत कोणी म्हटलं नाही, आता म्हणतात.
कोणाला सांगू.

२२ डिसें., सोम
सकाळी मी न्हाणीघरात. विलास दूध आणायला गेलेला. बाहेर आले, नेसले, देवाचं पाणी भरलं, मग फोनवर नजर गेली. लाल बाण. केतू. सात चाळीस. एकदाच.
पत्र लिहिल्यावर नाही, दिवाळीत नाही, आज. कशाला ते माहीत नाही. बोटाने चुकून लागला असेल. अर्जाचं उत्तर आलं असेल, हो किंवा नाही. विलासचा नंबर सोडून माझा लावला असेल तर.
मी लगेच लावला. घंटी गेली पूर्ण. परत लावला. परत.
विलास म्हणतो पेशींजवळ असेल, त्या खोलीत फोन नेत नाहीत. मलाही माहीत आहे, तिनेच सांगितलेलं, त्यांना ठराविक वेळी बघावंच लागतं, लेकरासारखं. चौथ्यांदा नाही लावला. तिने एकदा वाजवली, मी तीनदा. आता तिची पाळी.
दिवसभर पदरात फोन बांधून फिरले. पदर सारखा खांद्यावरून उतरत होता.

२३ डिसें.
शुगर १३६. सुई घेतली.
सात वाजलेत. विलास विचारून गेला, "आई, पाणी तापलंय, आंघोळीला जातेस ना? देव थांबलेत."
साठ वर्षांत पारोशाने देवघरात पाय ठेवला नाही मी. बाळंतपणातही दहा दिवस सरायची वाट बघितली.
म्हटलं, बंब बंद कर. थांबू देत देव. आठ वाजेपर्यंत मी इथेच आहे.